मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा

मद्यपान करून वाहन चालविणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये भारतात शिक्षापात्र असलेला फौजदारी गुन्हा आहे. दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना मोटार वाहन चालविणारी किंवा चालविण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती या कलमाखाली दोषी ठरते. अमली पदार्थाच्या अंमलाखाली वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येत नसताना ते चालविणे हादेखील याच कलमाखालील गुन्हा आहे. बोलचालीत या गुन्ह्याला 'ड्रंक अँड ड्राइव्हची केस' असे म्हणतात.

हेल्मेट न घालणे, सिग्नल तोडणे यांसारख्या उल्लंघनांत जागेवर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटविता येते. कलम १८५ च्या बाबतीत ही सोय नाही. आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावे लागते आणि दोषसिद्धीची नोंद त्याच्या नावावर राहते. परवाना, विमा, नोकरी व परदेशप्रवास यांवर होणारे परिणाम दंडाच्या रकमेपेक्षा अनेकदा मोठे ठरतात. प्रस्तुत लेखात या गुन्ह्याची कायदेशीर चौकट आणि ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या संदर्भात तिची अंमलबजावणी यांची माहिती दिली आहे.

कायद्याचा इतिहास

मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये कलम ११७ अन्वये मद्याच्या अंमलाखाली वाहन चालविणे हा गुन्हा होता. त्याची जागा घेणारा १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्यातील कलम १८५ चा मूळ मजकूर अतिशय कठोर होता. चालकाच्या रक्तात कितीही अल्प प्रमाणात अल्कोहोल आढळले तरी गुन्हा होत असे. १९९४ च्या सुधारणेने हे शब्द वगळून १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आणि हे प्रमाण श्वासविश्लेषक यंत्राच्या चाचणीत आढळले पाहिजे, अशी अट घातली.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने दोन महत्त्वाचे बदल केले. श्वासविश्लेषकाबरोबरच प्रयोगशाळेतील तपासणीसह अन्य कोणत्याही चाचणीतून आढळलेले प्रमाण ग्राह्य धरण्यात आले आणि दंडाची रक्कम वाढविण्यात आली. पूर्वी पहिल्या गुन्ह्यासाठी कमाल २,००० रुपये दंड होता. तो १०,००० रुपये झाला. शिक्षेविषयीच्या या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. महाराष्ट्रात वाढीव तडजोड शुल्काची अधिसूचना डिसेंबर २०२१ मध्ये निघाली. कलम १८५ तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नसल्यामुळे त्याचा दंड मात्र न्यायालयच ठरविते.

३० मिलिग्रॅम मर्यादेचा अर्थ

रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण प्यालेल्या मद्यातील शुद्ध अल्कोहोल, शरीराचे वजन, शरीरातील पाण्याचा अंश, पोटातील अन्न आणि गेलेला वेळ यांवर अवलंबून असते. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की, रम इत्यादी मद्यांत साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते. अशा ६० मिलिलिटर मद्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ७० किलो वजनाच्या पुरुषाने ते रिकाम्या पोटी घेतल्यास रक्तातील प्रमाण ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे ६० मिलिलिटर व्हिस्कीच्या दुप्पट. कमी वजनाच्या व्यक्तींत आणि सर्वसाधारणपणे स्त्रियांत तेवढ्याच मद्याने प्रमाण अधिक वाढते.

यकृत अल्कोहोलचा निचरा जवळपास ठरावीक गतीने करते. ही गती दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १० ते २० मिलिग्रॅम इतकी असते. मध्यरात्री १२० मिलिग्रॅम प्रमाण असलेल्या व्यक्तीला ३० मिलिग्रॅमपर्यंत उतरण्यास तासाला १५ मिलिग्रॅम या सरासरी गतीने सहा तास लागतात. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत मद्यपान केलेली व्यक्ती सकाळी कामावर निघतानाही कायदेशीर मर्यादेच्या वर असू शकते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ किंवा उलटी यांमुळे रक्तात मिसळलेल्या अल्कोहोलचा निचरा लवकर होत नाही. पान, बडीशेप किंवा पुदिन्याच्या गोळ्यांनी वास झाकला जातो, यंत्रावरील आकडा बदलत नाही.

श्वासविश्लेषक फुप्फुसातून आलेल्या हवेतील अल्कोहोल मोजतो. श्वासातील व रक्तातील प्रमाणाचे गुणोत्तर सर्वसाधारणपणे १:२१०० धरले जाते. या हिशेबाने ३० मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे एक लिटर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम अल्कोहोल होय. नुकतेच मद्य घेतले असल्यास किंवा अल्कोहोलयुक्त द्रवाने चूळ भरली असल्यास तोंडात उरलेल्या अंशामुळे आकडा तात्पुरता फुगतो. म्हणून सुमारे १५ मिनिटे थांबून चाचणी घेणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य मानले जाते.

जगातील मर्यादा वेगवेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये ती ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५० मिलिग्रॅम आणि स्वीडनमध्ये २० मिलिग्रॅम आहे. भारताची मर्यादा त्यामुळे कडक मर्यादांमध्ये मोडते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर

ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर सलग वसलेली आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून १९४९ मध्ये उल्हासनगर नावारूपास आले. पाच 'कॅम्प'मध्ये विभागलेल्या या शहरात महानगरपालिका आहे, तर अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे नगरपरिषदा स्थापन झाल्या. परिसरात औद्योगिक वसाहती असल्यामुळे पाळ्यांनुसार रात्री-अपरात्री कामगारांची ये-जा चालू असते. पावसाळ्यात बदलापूरजवळील कोंडेश्वर, बारवी धरण परिसर, तसेच पुढे कर्जत व मुरबाडच्या दिशेने पर्यटकांची वर्दळ वाढते. कल्याण–बदलापूर आणि काटई–बदलापूर हे या भागातील प्रमुख वाहते रस्ते आहेत.

तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात, म्हणजे परिमंडळ ४ मध्ये येतात. या परिमंडळात मध्यवर्ती, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, हिललाईन, अंबरनाथ, शिवाजीनगर, बदलापूर पूर्व आणि बदलापूर पश्चिम ही पोलीस ठाणी आहेत. रस्त्यावरील तपासणी प्रामुख्याने आयुक्तालयाची वाहतूक शाखा करते. बदलापूर शहराची हद्द ओलांडून वांगणीकडे गेल्यावर ठाणे ग्रामीण पोलिसांच्या कुळगाव पोलीस ठाण्याची हद्द लागते आणि नेरळपासून रायगड जिल्हा पोलिसांचे कार्यक्षेत्र सुरू होते. एकाच रस्त्यावर थोड्या अंतरात तीन पोलीस घटकांच्या हद्दी येत असल्याने गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदला गेला, हे आरोपी व अपघातग्रस्त या दोघांनीही प्रथम पाहणे आवश्यक असते. पुढील न्यायालय त्यावरूनच ठरते.

या शहरांतील वाहनांची नोंदणी व चालक परवान्यांचे काम कल्याण येथील परिवहन कार्यालयाकडे असून त्याचा नोंदणी क्रमांक 'एमएच ०५' आहे. वैद्यकीय तपासणीसाठी उल्हासनगर येथील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथ येथील छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही शासकीय रुग्णालये या पट्ट्यात आहेत.

नाकाबंदी वर्षभर अधूनमधून होत असली तरी ३१ डिसेंबर, धूलिवंदन आणि 'गटारी' या नावाने ओळखली जाणारी आषाढ अमावास्या या दिवशी ती विशेष कडक असते. कोविड साथीच्या काळात संसर्गाच्या भीतीने श्वासविश्लेषकाचा वापर स्थगित ठेवण्यात आला होता.

महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नसावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू या प्रकरणात १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला होता. महानगरपालिका व नगरपालिका क्षेत्रांतील परवानाधारक आस्थापनांना तो आदेश प्रतिबंध करीत नाही, असे न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे नागरी हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यांलगत मद्यालये चालू राहू शकतात आणि प्रतिबंधाचा भार मुख्यत्वे रस्त्यावरील तपासणीवर येतो.

तपासणी आणि अटक

अधिनियमाची कलमे २०२ ते २०५ तपासणीची पद्धत ठरवितात. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. संशय व श्वासचाचणी : चालकाने मद्य घेतले असल्याचा वाजवी संशय असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी सार्वजनिक ठिकाणी त्याला श्वासाचा नमुना देण्यास सांगू शकतो. ही चाचणी शक्य तितक्या लवकर घ्यावी लागते. यंत्र केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या प्रकारचे असावे लागते. यंत्रातून निघणाऱ्या छापील पावतीवरील दिनांक, वेळ व आकडा हा पुढे पुराव्याचा गाभा ठरतो.

२. अटक : चाचणीत अल्कोहोल आढळल्यास किंवा संशय असूनही चालकाने चाचणी नाकारल्यास अधिपत्राशिवाय अटक करता येते. रुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीला मात्र या कारणावरून तेथे अटक करता येत नाही. अटकेनंतर पोलीस ठाण्यात तिला पुन्हा श्वासचाचणीची संधी द्यावी लागते.

३. दोन तासांची मुदत : कलम २०२ अन्वये अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी झाली पाहिजे. तसे न झाल्यास तिला कोठडीतून मुक्त करावे लागते.

४. रक्ताचा नमुना : यंत्राने अल्कोहोल दर्शविल्यास किंवा चाचणी नाकारल्यास डॉक्टरांमार्फत रक्ताचा नमुना घेता येतो. नमुना देणारी व्यक्ती स्त्री असून डॉक्टर पुरुष असल्यास दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती बंधनकारक आहे.

५. नकाराचा परिणाम : चाचणी नाकारल्याने प्रकरण संपत नाही. वाजवी कारण नसताना दिलेला नकार हा आरोपीविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारी परिस्थिती मानला जातो.

६. वाहनाची व्यवस्था : चालकाला अटक केल्यावर वाहनाची तात्पुरती सुरक्षित व्यवस्था लावणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. वाहन पोलिसांनी सोडले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या तरतुदींनुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे. अन्य गंभीर कलमे लावलेली नसल्यास जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. अटकेचे कारण जाणून घेणे, नातेवाइकांना कळविणे आणि वकिलाचा सल्ला घेणे हे अधिकार इतर गुन्ह्यांप्रमाणेच लागू असतात. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी यांखेरीज सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

न्यायालयीन कार्यवाही व शिक्षा

गुन्ह्याची सुनावणी हद्दीनुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होते. आरोपीने गुन्हा कबूल केल्यास न्यायालय शिक्षा सुनावते. नाकारल्यास पोलीस अधिकारी, डॉक्टर व आवश्यकतेनुसार प्रयोगशाळेतील तज्ज्ञ यांची साक्ष नोंदविली जाते. कलम १८५ खालील शिक्षा अशी आहे :

• पहिला गुन्हा : ६ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.
• दुसरा अथवा त्यानंतरचा गुन्हा : २ वर्षांपर्यंत कारावास, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

२०१९ पूर्वीच्या मजकुरात दंड 'अमुक रकमेपर्यंत' असा होता. आता रक्कम निश्चित आहे. कलम १८८ अन्वये या गुन्ह्यास प्रोत्साहन देणाऱ्यासही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. त्यामुळे मद्यधुंद मित्राला जाणूनबुजून वाहन चालविण्यास उद्युक्त करणारी व्यक्तीही अडचणीत येऊ शकते.

तडजोड न होणाऱ्या गुन्ह्यांवर लोक अदालतीला अधिकारिता नसते. त्यामुळे थकीत ई-चलनांप्रमाणे हे प्रकरण लोक अदालतीत सवलतीने मिटेल, ही अपेक्षा कायद्याला धरून नाही. समन्स मिळूनही गैरहजर राहिल्यास न्यायालय अधिपत्र काढू शकते.

चालक परवान्यावरील कारवाई

परवान्यावरील कारवाई न्यायालयीन शिक्षेहून स्वतंत्र असते. कलम २०६ च्या २०१९ मध्ये समाविष्ट केलेल्या पोटकलमानुसार पोलीस अधिकाऱ्याने अशा चालकाचा परवाना ताब्यात घेऊन अनुज्ञप्ती प्राधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. प्राधिकरण परवानाधारकाला म्हणणे मांडण्याची संधी देते. त्यानंतर कलम १९ अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता आणि पुढील गुन्ह्यासाठी परवाना रद्द करण्याचा आदेश देता येतो. चालकाला उजळणी प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. यापूर्वी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही अशा चालकांचे परवाने किमान तीन महिने निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते.

कलम १८५ खाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास कलम २२ अन्वये न्यायालयाने परवाना रद्द करणे बंधनकारक आहे. अपात्रतेच्या काळात वाहन चालविणे हा कलम १८२ खालील वेगळा गुन्हा असून त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तीन महिन्यांची अपात्रता सर्वांना सारखी जाचत नाही. खासगी मोटारीचा मालक त्या काळात लोकलने किंवा रिक्षाने प्रवास करू शकतो. रिक्षाचालक, टेम्पोचालक आणि औद्योगिक वसाहतीतील मालवाहू गाड्यांचे चालक यांच्यासाठी परवाना हेच उपजीविकेचे साधन असल्याने तेवढ्या काळात त्यांचे उत्पन्न बंद होते. दंडाची रक्कमही उत्पन्न न पाहता एकच असते.

अपघात झाल्यास

मद्यधुंद चालकाकडून अपघात झाल्यास कलम १८५ सोबत भारतीय न्याय संहिता, २०२३ ची कलमे लावली जातात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू असून त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहिता लागू राहते.

• कलम २८१ : सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे वाहन चालविणे. ६ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• कलम १२५ : इतरांचे जीवित धोक्यात आणणारी बेदरकार कृती. त्यातून गंभीर दुखापत झाल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• कलम १०६ (१) : निष्काळजीपणामुळे मृत्यू. ५ वर्षांपर्यंत कारावास व दंड. जुन्या संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा २ वर्षे होती.
• कलम १०५ : सदोष मनुष्यवध. मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असताना केलेल्या कृत्यासाठी १० वर्षांपर्यंत कारावास व दंड.

कलम १०६ व कलम १०५ यांतील फरक 'जाणीव' या एका घटकावर अवलंबून आहे. कलम १०५ चा गुन्हा अजामीनपात्र असून त्याचा खटला सत्र न्यायालयात चालतो. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना माहिती देणे ही कलम १३४ अन्वये चालकाची जबाबदारी आहे.

पुरावा आणि महत्त्वाचे न्यायनिर्णय

या प्रकारच्या खटल्यांचा निकाल बहुधा चाचणी केव्हा व कशी झाली यावर ठरतो. महाराष्ट्रातील काही प्रकरणांतून हे स्पष्ट होते.

बच्चूभाई हसनअली करयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७१) या प्रकरणात रक्त किंवा लघवीची तपासणी झाली नव्हती. तोंडाला येणारा दारूचा वास, अडखळते बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

मुंबईतील कार्टर रोड येथे १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार जाऊन सात जणांचा मृत्यू झाला व आठ जण जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले होते. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लागू करून ती तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. ॲलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निर्णय ओळखला जातो.

वांद्रे येथे २८ सप्टेंबर २००२ रोजी झालेल्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी अभिनेता सलमान खान याला सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी त्याची निर्दोष मुक्तता केली. तो वाहन चालवीत होता आणि मद्याच्या अंमलाखाली होता हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाविरुद्ध राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

रक्ताचा नमुना घेताना त्वचा अल्कोहोलविरहित द्रावणाने पुसणे, नमुन्यात सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक घालणे, कुपी मोहोरबंद करणे आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याची अखंड नोंद ठेवणे आवश्यक असते. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी अल्पवयीन मुलाने चालविल्याचा आरोप असलेल्या पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली. या घटनेने नमुन्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला.

अल्पवयीन चालक

२०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन व्यक्तीने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत झाला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध केल्यास पालक किंवा मालक जबाबदारीतून सुटू शकतो.

विमा व नुकसानभरपाई

मोटार विम्याच्या पॉलिसीत मद्याच्या अंमलाखाली वाहन चालविताना झालेले नुकसान सर्वसाधारणपणे वगळलेले असते. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निर्णयात (एप्रिल २०२१) सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची भूमिका मान्य केली. श्वास किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी चालक मद्याच्या अंमलाखाली होता हे कंपनी इतर परिस्थितीवरून दाखवू शकते, असे न्यायालयाने म्हटले. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला तरी वाहनाच्या दुरुस्तीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, तो यामुळेच.

अपघातग्रस्त त्रयस्थ व्यक्तीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरविते. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १५० मध्ये मद्यपानाची अट हा विमा कंपनीचा एक बचाव म्हणून नमूद आहे. पॉलिसीच्या अटींचा भंग झालेल्या प्रकरणांत 'आधी भरपाई द्या, मग वाहनमालकाकडून वसूल करा' असे आदेशही न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. त्यामुळे पीडिताला रक्कम मिळाली तरी तिचा बोजा अखेरीस वाहनमालकावर येऊ शकतो.

इतर परिणाम

प्रलंबित फौजदारी खटल्याची माहिती पारपत्राच्या अर्जात द्यावी लागते आणि तो पारपत्र नाकारण्याचे कारण ठरू शकतो. शासकीय सेवेतील चारित्र्य पडताळणीत अटक, खटला व दोषसिद्धी यांची माहिती विचारली जाते. ती लपविणे हे मूळ गुन्ह्यापेक्षा अधिक हानिकारक ठरू शकते. अनेक देशांच्या व्हिसा अर्जांत अटक व दोषसिद्धीविषयी प्रश्न असतात. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून मद्यधुंद वाहनचालन गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात घातल्यामुळे तेथे शिक्षण किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांना जुनी दोषसिद्धी अडसर ठरू शकते.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाशी संबंध

महाराष्ट्रात मद्य बाळगणे व पिणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये नियंत्रित आहे. मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. सौम्य मद्यांसाठी किमान वय २१, तर तीव्र मद्यांसाठी २५ वर्षे आहे. विनापरवाना मद्यसेवनाच्या खटल्यात रक्तातील अल्कोहोल ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी नसल्यास खुलासा करण्याचा भार कलम ६६ (२) अन्वये आरोपीवर येतो. सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत गैरवर्तन करणे कलम ८५ खाली शिक्षापात्र आहे. पिण्याचा परवाना जवळ असणे हा कलम १८५ खालील आरोपावरील बचाव नाही. त्या कलमाचा संबंध केवळ वाहन चालविताना रक्तात असलेल्या प्रमाणाशी आहे.

प्रचलित गैरसमज

• 'दुचाकीला हा कायदा लागत नाही.' स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा व मालमोटार अशा सर्व मोटार वाहनांना कलम १८५ सारखेच लागू होते.
• 'बिअर म्हणजे दारू नव्हे.' कायदा मद्याचा प्रकार पाहत नाही, रक्तातील अल्कोहोल पाहतो.
• 'गाडी नीट चालवत होतो, म्हणून गुन्हा नाही.' अल्कोहोल मर्यादेपेक्षा अधिक असणे एवढेच पुरेसे आहे; वाहनावरील ताबा सुटल्याचे सिद्ध करावे लागत नाही. ही अट केवळ अमली पदार्थांच्या बाबतीत आहे.
• 'जागेवर पैसे भरले की प्रकरण संपते.' रस्त्यावर रोख रक्कम घेऊन हा गुन्हा मिटविण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही.

हे सुद्धा पहा

• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• भारतीय न्याय संहिता
• महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम
• ठाणे पोलीस आयुक्तालय
• उल्हासनगर
• अंबरनाथ
• बदलापूर